अटनविचार : स्थानत्याग आणि संबंधत्याग

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी अनुसरलेल्या साधकासाठी जो आचार निरूपिला, त्याच्या आरंभीच त्यागाचा क्रम सांगितला आहे. जन्मदेशाची ओढ, जन्मगावाची ओढ आणि आप्तस्वकीयांची ओढ, या तिन्हींपासून साधकाने सुटावे. त्यातही तिसरीविषयी विशेष सावध असावे, असा त्या विधीचा आशय आहे. या त्यागाला जोडूनच नित्य अटन, विजन, भिक्षा आणि नामस्मरण हे नियम येतात. पंथातील लहान मुलालाही हे शब्द ठाऊक असतात. परंतु जे शब्द नित्य कानावर पडतात त्यांच्या अर्थाकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते, आणि ‘अटन’ या शब्दाचे आज काहीसे तसेच झाले आहे.

आज गावोगावी आश्रम उभे आहेत. तेथे पाण्याची, दिव्याची, निजण्याची सोय आहे. पोथ्या सुरक्षित ठेवावयास कपाटे आहेत. वृद्ध भिक्षुकांना आणि तपस्विनींना आधार आहे. यांतील एकही गोष्ट वाईट नव्हे. परंतु एखादा भिक्षुक वीस-वीस वर्षे एकाच ओसरीवर बसू लागला, ठरलेल्या घरूनच त्याचे अन्न येऊ लागले, त्याची जागा आणि त्याचा मान गावाने ठरवून टाकला, म्हणजे अटनाचा विधी कोठे राहिला, हा प्रश्न उपस्थित होतो. कोणी म्हणतात, तो विधी त्या काळापुरता होता. कोणी म्हणतात, आता वाहने झाली, पूर्वी महिनाभरात जेवढे चालणे होई तेवढे एका दिवसात होते, म्हणून अटन उलट वाढलेच आहे. पहिल्या उत्तरात विधीचे प्रयोजन सुटले आहे आणि दुसऱ्यात विधीचे स्वरूप. म्हणून मुळापासून विचार करणे अवश्य आहे.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वामींनी निरूपिले. यांतील जीव अनादी अविद्येने वेढलेला आहे. तो ज्या ज्या पदार्थाच्या संगतीला जातो त्या त्या पदार्थाशी ‘माझे’ असे नाते लावून घेतो. या नात्यालाच आचारप्रकरणात संबंध म्हटले आहे. संबंध म्हणजे केवळ सुख नव्हे. गावातील जुने वैरसुद्धा संबंधच होय. ज्या भावकीशी बांधावरून भांडण आहे तिच्या वार्तेकडे मनुष्याचे कान मित्राच्या वार्तेपेक्षाही अधिक लागलेले असतात. म्हणजे संबंधाचे बळ गोडीत नाही, ओळखीत आहे. ओळखीच्या जागी मनुष्याला नव्याने काही व्हावे लागत नाही. तो कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ, कोणत्या आळीचा, कोणत्या जातीचा, किती एकरांचा, हे सर्व गावाने आधीच ठरविलेले असते. गाव त्याला त्याच नावाने हाक मारते आणि तोही त्याच नावाला ओ देतो.

अनुसरण म्हणजे हे जुने नाव टाकून केवळ परमेश्वराचा म्हणून उरणे. परंतु जेथे दर पावलाला कोणी जुन्या नावाने हाक मारीत आहे, तेथे ते नाव टाकता येत नाही. म्हणून स्वामींनी देशत्याग सांगितला. शरीराला कष्ट व्हावेत हा त्याचा हेतू नव्हे; कष्ट तर शेतकरी आणि मजूर साधकाहून अधिक भोगतात. अनोळखी मुलखाच्या टोकाला, एखाद्या वृक्षाच्या आश्रयाने आयुष्य वेचावे, असे जे सांगितले, त्याचे मर्म हेच की तेथे जीवाला टेकावयास परमेश्वरावाचून दुसरा आधार उरत नाही.

स्वामींचे चरित्र पाहिले असता या विधीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. भरवसच्या प्रधानाच्या घरी राजपुत्राचे ऐश्वर्य त्यांना होते. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते निघाले. वाटेत बरोबरचा परिवार क्रमाने मागे राहिला आणि ते एकटे रिद्धपुरी पोहोचले. तेथे श्रीगोविंदप्रभूंच्या प्रसादाने ज्ञानशक्तीचा स्वीकार झाला. येथपर्यंतचा त्याग सर्वांच्या ध्यानी येतो, कारण राजवाडा सोडणे हा त्याग डोळ्यांना दिसतो. पुढचा त्याग मात्र सहज दिसत नाही. श्रीगुरूंचे संनिधान लाभल्यावर कोणी ते सोडावे असे जीवबुद्धीला वाटणार नाही. स्वामी तेथूनही निघाले. साळबर्डीच्या पर्वतावर त्यांनी बारा वर्षे एकांतात काढली. ज्याला विजनाची गोडी लागली त्याला विजनच घर होते. स्वामींनी तो पर्वतही सोडला. तेलंगदेशी ओरंगल येथे घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या कन्येशी विवाह करून ते काही काळ वैभवात राहिले आणि तेथूनही निघाले. पुढे इ.स. १२६७ च्या सुमारास पैठणला संन्यास स्वीकारून ते लोकांत आले, स्त्रिया, शूद्र, पंडित, राजपुरुष अशा सर्वांना मराठीतून निरूपण केले, आणि इ.स. १२७४ मध्ये उत्तरापंथे गमन केले.

अवताराला कसलाही संबंध बाधत नाही. त्याला त्यागाचे प्रयोजनही नाही. तरीही हा क्रम स्वामींनी आचरून दाखविला तो जीवांसाठी. त्यातून एक गोष्ट शिकावयाची आहे. वाडा सोडणे हा एक त्याग आणि पर्वत सोडणे हाही त्यागच. ज्याचे मन लोकांत रमते त्याने विजनात जावे. ज्याचे मन विजनात रमून लोकांच्या गाऱ्हाण्यांना विटते त्याने लोकांत येऊन त्यांची गाऱ्हाणी ऐकावी. कोणता बदल करावा हे जगाच्या रूढीवरून ठरत नाही. ज्याचे त्याचे मन कोठे चिकटले आहे त्यावरून ठरते. स्वतःची चिकटलेली जागा ज्याला सापडली, त्याला अटनाची दिशा सापडली.

शिष्यपरिवाराच्या चरित्रांतही हेच दिसते. स्वामींनी निकटवर्ती शिष्यांना सदैव जवळ ठेवले नाही. नागदेवाचार्यांसारख्यांनाही संनिधान सोडून अटन करविले. संनिधानाची सवय लागू नये म्हणून केलेली ती सिद्धता होती, हे पुढे इ.स. १२७४ मध्ये कळले. स्वामी गेल्यावर परिवार शोकाकुल झाला. तरीही तो विखरून नष्ट झाला नाही. रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहून त्याने ज्ञान जतन केले. एकदा सोडण्याचा अभ्यास ज्यांना झालेला असतो तेच मोठ्या वियोगात उभे राहतात.

पंडितांनी सोडलेली सोय तर त्याहून वेगळी होती. केसोबास, दामोदर पंडित, म्हाइंभट ही सर्व संस्कृत विद्येत मुरलेली माणसे. जन्मभर ज्या भाषेत वाद जिंकले, मान मिळविला, त्या भाषेतच लिहावे असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु संस्कृतात ग्रंथ झाले तर पंथातील साध्याभोळ्या वृद्ध बाया ज्ञानाला मुकतील, या कळवळ्याने नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला, ही स्मृतिस्थळातील आठवण सर्वपरिचित आहे. पंडिताला धन सोडणे एक वेळ सोपे, पण ज्या भाषेमुळे तो पंडित ठरला ती बाजूला ठेवणे फार अवघड. त्यांनी ते केले. म्हाइंभट वादात कोणाला हार न जाणारे म्हणून स्वामींकडे आले होते; तेच पुढे एकेका भक्ताकडे जाऊन, ज्याने जे पाहिले-ऐकले ते विचारून लीळा गोळा करीत फिरले. विचारण्यासाठी दारोदार जाणे ही त्यांच्या विद्वत्तेची भिक्षाच होती. मराठी गद्याचा पाया म्हणून आज ज्या ग्रंथाकडे पाहिले जाते, तो लीळाचरित्र ग्रंथ अशा भिक्षेतून उभा राहिला.

महादाइसेचे उदाहरण याच पंक्तीतले. बालवैधव्य आलेल्या स्त्रीला त्या काळी घराचा एक कोपरा ठरलेला असे. त्या कोपऱ्यात दुःख होते, पण तो ओळखीचा होता. तो सोडून ती स्वामींच्या संनिधानी आली, निःशंकपणे प्रश्न विचारीत राहिली आणि मराठीची आद्य कवयित्री झाली. सुखाची जागा सोडणे कठीण खरे. पण दुःखाची जागा अंगवळणी पडली असता तीही सुटत नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे महादाइसेच्या त्यागाचे मोल कळते.

स्वामींनी ज्ञान दिले ते लोकांच्या नित्य पाहण्यातील वस्तूंचे दृष्टांत देऊन. त्या पद्धतीस अनुसरून हिंगोली जिल्ह्यातील वासनिकांच्या शेतातलाच एक दृष्टांत येथे घेता येईल. इ.स. १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा आज हळदीसाठी ओळखला जातो. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात हळदीची रास पाहिली नाही असा शेतकरी या भागात विरळा.

दृष्टांत असा. उन्हाळा सरता सरता हळदीचे बेणे जमिनीत पडते. आठ-नऊ महिने कंद मातीत वाढतो. पाला वाळला की पाला कापून कंद खणून काढतात. त्यातले काही कंद पुढील लागवडीसाठी सावलीत राखून ठेवतात. बाकीची हळद उकडतात, उन्हात वाळवितात, पिंपात फिरवून घासतात, मग तिला हळकुंडाचे रूप आणि रंग येतो. वेळेवर न काढलेला कंद, ज्या मातीने त्याला पोसले त्याच मातीत सडू लागतो. त्याच शेतात वर्षानुवर्षे हळदीवर हळद घेतली तर कंदकूज बळावते. म्हणून जाणता शेतकरी फेरपालट करतो आणि बेणे दुसऱ्या शेतात लावतो. राखलेले बेणे नव्या शेतात पुन्हा अंकुरते. उकडलेली हळद मात्र कोणत्याही शेतात लावली तरी अंकुरत नाही.

दार्ष्टांतिक असे. कंद म्हणजे जीव, माती म्हणजे संबंध. मातीने कंदाला पोसले, यात मातीचा दोष नाही. आईबाप, गाव, भाषा, जात-गोत यांनी माणसाला वाढविले; त्यांची निंदा करणे हा साधकाचा धर्म नव्हे. परंतु पाला वाळल्यावरही कंद मातीतच राहू म्हणेल तर पोसणारी मातीच त्याला कुजवील. म्हणून प्रथम खणून निघणे अवश्य. मात्र खणून निघाल्यावर दोन गती आहेत. बेण्याने शेत बदलले, पण स्वरूप तेच राहिले. ते नव्या मातीत जुन्याच वाणाचे झाड उगवते. तसा जो साधक गाव सोडून आश्रमात गेला आणि तेथे पुन्हा माझी खोली, माझे शिष्य, माझा मान असे उगवू लागला, त्याचा स्थानत्याग झाला, संबंधत्याग झाला नाही. ज्याच्या ठायी संबंधाचा अंकुरच राहिला नाही तो उकडलेल्या हळदीसारखा. त्याला कोणतीही भूमी पुन्हा जन्मास घालू शकत नाही. आता हे उकडणे कंदाच्या हाती नाही. अग्नी परमेश्वराच्या ज्ञानाचा आणि कृपेचा. अविद्येचा छेद परमेश्वरच करतो, जीव करीत नाही. जीवाच्या वाट्याला एवढेच येते की मातीतून बाहेर निघावे आणि अग्नीजवळ येऊन थांबावे. जो मातीतच घट्ट रुतून बसला आहे त्याला अग्नीपाशी नेणार तरी कसे? स्थानत्यागाचे प्रयोजन एवढेच, परंतु एवढे मोठे आहे.

येथे काही शंका येतात. पहिली शंका अशी की, बदल हाच चांगला असेल तर स्वामींनी साधकाला महाराष्ट्रातच राहण्यास का सांगितले आणि कानड व तेलंग देशी जाण्यास का मनाई केली? याचे उत्तर मनाईच्या कारणात आहे. ते देश विषयबहुल, म्हणून साधकाने तेथे जाऊ नये, असे कारण स्वामींनी सांगितले. म्हणजे नवेपणासाठी नवा मुलूख पाहणे हे अटन नव्हे. डोळ्यांना नवे, जिभेला नवे, कानाला नवे असे शोधीत फिरणारा मनुष्य हजार कोस चालला तरी विषयांच्या गावातच राहतो. अटनाचे माप कोसांनी होत नाही, संबंध किती तुटला यावरून होते. उलट संबंध नसेल आणि धर्मकार्य असेल तर दूरचे जाणेही विधीला विरोधी होत नाही. पुढील शतकांत पंथाचे महंत पंजाबात गेले, पेशावर-काबुलपर्यंत परमार्ग पोहोचला, आणि तेथील लोक त्याला जयकृष्णी म्हणून ओळखू लागले. अनोळखी भाषेच्या, अनोळखी अन्नाच्या मुलखात त्यांनी मराठी पोथ्या नेल्या. इ.स. १९४७ च्या फाळणीत तेथील अनुयायांना घरेदारे सोडून इकडे यावे लागले, तेव्हाही पोथी आणि नाम त्यांच्याबरोबर आले.

हिंगोली जिल्ह्याला तर या विषयाचे आणखी एक स्मरण आहे. याच जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. इ.स. १२७० हे त्यांचे जन्मवर्ष, म्हणजे स्वामींच्या उत्तरापंथे गमनाच्या आधी अवघी चार वर्षे. नामदेवांचा मार्ग वेगळा, उपास्यविचार वेगळा. त्या विषयी तत्त्वभेद आहे तो आहेच. परंतु त्यांच्या संप्रदायात सांगितली जाणारी कथा साधकाने विचारात घ्यावी अशी आहे. देवाचे लाडके म्हणून सर्वत्र मान्यता असताना, संतांच्या मेळ्यात त्यांना कच्चे मडके ठरविण्यात आले. लाडकेपणाची जागा सोडून ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे शिष्य म्हणून गेले. पुढे ते थेट पंजाबात घुमानपर्यंत पोहोचले, आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. मान मिळत असलेल्या ठिकाणाहून, आपण कच्चे आहोत हे ऐकून घेऊन, शिकण्यासाठी दुसरीकडे जाणे ही गोष्ट कोणत्याही मार्गाच्या साधकाला दुर्लभ आहे. मतभेद असलेल्या ठिकाणचाही गुण घ्यावा. तसे न करणे हाही आपल्या आम्नायाच्या उंबऱ्याला चिकटून राहण्याचाच प्रकार होय.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. दिवाळी झाली की या जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांवरून कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. म्हातारी माणसे घरी राहतात, लेकरांची शाळा बुडते, पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिने जातात. त्यांचाही देश सुटतो, गाव सुटते, आप्त सुटतात. मग तेही अटनच म्हणावे काय? नव्हे. ज्याला राहण्याचा पर्याय नाही त्याच्या जाण्याला त्याग म्हणणे ही त्याची थट्टा होय. त्याग त्याचाच, ज्याच्या हाती सोडण्यासारखे काही आहे. ज्याचे गाव पोटाने सोडविले त्याला देशत्यागाचे निरूपण ऐकविणाऱ्याने आधी त्याच्या मागे राहिलेल्या लेकरांना कोण जेवू घालतो हे पाहावे. स्वामींचा आचार हा साधकाने स्वतःला लावण्याचा आहे, दुसऱ्याच्या दुःखाला नाव देण्याचा नाही. उलट अशा वेळी गावात राहणाऱ्या वासनिकाचा त्याग कोणता, हे येथे आपोआप ठरते. त्याची सोय म्हणजे त्याच्या घराचे बंद दार. गेलेल्या शेजाऱ्याच्या लेकरासाठी ते दार उघडणे, त्याला आपल्या लेकरांबरोबर शाळेत धाडणे, हेच त्याचे त्या दिवसांतील अटन. तो घर सोडून गेला नाही, तरी घरावरचा एकट्याचा हक्क त्याने सोडला.

तिसरी शंका पंथाविषयीच आहे. व्यक्तीप्रमाणे समाजालाही सोयीची जागा असते काय? असते. चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजीच्या सैन्याच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे करावे लागले, असे परंपरा सांगते. पुढे ज्ञान सुरक्षित राहावे, अनधिकाऱ्याच्या हाती पडून त्याची विटंबना होऊ नये, म्हणून पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्या. त्या काळी ते योग्यच होते. त्यामुळे पोथ्या वाचल्या. परंतु संकटात घातलेली कुलपे संकट गेल्यावरही तशीच राहिली. परिणाम असा झाला की स्वामींनी ज्या सामान्य लोकांसाठी मराठीत निरूपण केले, त्याच लोकांना पंथाविषयी काही कळेना, आणि न कळलेल्या गोष्टीविषयी जे प्रवाद उठतात ते पंथाविषयी उठले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. पंथातील काही महंतांनीही धैर्य करून अभ्यासकांपुढे पोथ्या उघडल्या. वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने यांच्यासारख्यांनी ते वाङ्मय प्रकाशात आणले. पोथ्या उघडल्या तर पावित्र्य जाईल, अशी भीती त्या वेळी पुष्कळांना वाटली असेल. ती भीती प्रामाणिक होती. पण पावित्र्य गेले नाही. इ.स. २०२४ मध्ये श्रीगोविंदप्रभूंच्या रिद्धपुरी मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा मराठीच्या प्राचीन वैभवाची साक्ष म्हणून ज्या ग्रंथांकडे बोट दाखविले जाते त्यांत लीळाचरित्र अग्रभागी होते. त्या महंतांनी जी सोयीची जागा सोडली तिचे हे फळ आहे. मातीत पडून राहिलेला कंद आणि पेटीत पडून राहिलेली पोथी यांत फरक नाही.

तेव्हा आज विधी कसा आचरावा? ज्याच्या शरीराला चालवते अशा भिक्षुकाने वर्षातील काही काळ तरी खरोखर पायी निघावे, आणि ओळखीच्या वासनिकांची गावे टाळून निघावे. ठरलेल्या घरचे ताट हे अन्न होय, भिक्षा नव्हे. भिक्षेचे मर्म हे की कोणत्या दारी काय मिळेल, मान मिळेल की अव्हेर, हे माहीत नसावे. स्वामींनी सर्व वर्णांच्या घरी भिक्षा सांगितली. ज्या आळीत आजवर पाऊल पडले नाही, त्या आळीतच कदाचित त्या भिक्षुकाचा देशत्याग असेल. ती आळी दोनशे पावलांवर असली तरी तीच त्याला सर्वांत दूरची आहे. ज्याला वृद्धत्वाने चालवत नाही त्याने आश्रमातील आपली जागा, आपले आसन, आपली ठरलेली वेळ यांतील एखादी गोष्ट धाकट्याला द्यावी. पाय थकले तरी सोडणे थकू देऊ नये.

वासनिकाने संसारात राहूनच आपली चिकटलेली जागा शोधावी. निरूपणाच्या सभेत जो सदैव पुढे बसतो त्याने एक दिवस मागे बसावे. जो सदैव बोलतो त्याने ऐकावे. ज्या भावाशी पिढीजात अबोला आहे त्याच्या दारी प्रथम आपण जावे, कारण अबोल्याचाही संबंध तोडावयाचाच आहे. लेक शिकावयास परगावी जाऊ म्हणत असेल तर गाव काय म्हणेल या भयाने तिला अडवू नये. महादाइसेला कोणी घराच्या कोपऱ्यात अडवून धरले असते तर पंथ आणि मराठी दोन्ही किती दरिद्री झाली असती, हे आठवावे. घरातील विधवेला मंगलकार्यात मागे उभे करण्याची जेथे रूढी आहे, तेथे तिला पुढे बसविणे हे स्वामींच्या निरूपणाशी सुसंगत आहे. विटाळ मानू नये, असे सांगून त्यांनी सातशे वर्षांपूर्वी स्त्रियांना निर्भय केले होते. त्या निर्भयतेत अजूनही पुष्कळ घरांना प्रवेश करावयाचा आहे.

हे सर्व करताना मन प्रथम अस्वस्थ होईल. नवी जागा बोचते, नवी माणसे ओळख देत नाहीत, आपण कोण हेच काही काळ कळेनासे होते. साधकाने त्या अस्वस्थतेला घाबरून लगेच जुन्या ओसरीवर परतू नये, आणि तिला अंगावरचे भूषण म्हणून मिरवूही नये. मातीतून नुकताच निघालेला कंद उघड्यावर पडलेला असतो. त्याला ना मुळे असतात, ना अजून अग्नीचा स्पर्श झालेला असतो. जीवाच्या वाटचालीतील ती मधली वेळ नामस्मरणाची आहे. देश, ग्राम आणि आप्त यांच्या नावांची हाक जेव्हा मंदावते, तेव्हाच परमेश्वराच्या नामाची हाक स्पष्ट ऐकू येते. अटनाचा विधी स्वामींनी जीवाला फिरत ठेवण्यासाठी सांगितला नाही. ती एक हाक ऐकू यावी म्हणून सांगितला.

सर्व साधनवंतांस आणि वासनिकांस दंडवत प्रणाम.